परतीच्या विमानातली जागा

मिरजेच्या शाळेत नीळकंठ सरांनी उभा जन्म एकच धडा जीव ओतून शिकवला: युरोपियनांच्या समुद्रसफरी. फळ्यावरच्या नकाशात आफ्रिकेला वळसा घालून खडू कालिकतला टेकला की पोरं टाळ्या पिटायची. हिरड्या सडून खलाशी पटापट मेले, तरी माणसं जहाजावर चढतच राहिली. मग कुणीतरी प्रयोग करून दाखवलं की लिंबानं जीव वाचतो. "ऐकीव सोडा, पुरावा बघा!" हे सरांचं पालुपद. त्यांच्या लेकानं, यशोधननं, ते इतकं मनावर घेतलं की हॉलंडमध्ये डेल्फ्टला पीएचडी केली आणि ॲमस्टरडॅमजवळ डीमनला घर करून आकडेमोडीच्या नोकरीत रमला.

२०२० च्या जानेवारीत सर एकटेच लेकाकडे आले. त्यांच्या बायकोला, शैलाताईंना, थंडी सोसत नसे. "बघून या एकदाची तुमची ती जहाजं, म्हणजे माझं डोकं खायचं थांबाल," म्हणाल्या. ॲमस्टरडॅमच्या धक्क्यावर जुन्या व्यापारी जहाजाची प्रतिकृती आहे, ती सरांनी डोळे भरून पाहिली. मार्चमध्ये परतायचं, तर करोनानं विमानंच बंद पडली. घ्या! ज्या देशातली माणसं नुसत्या शिडांच्या जोरावर जावा-सुमात्रा गाठायची, तिथून सरांना मिरज गाठता येईना.

एप्रिलमध्ये शैलाताईंना धाप लागायला लागली, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. फोनवर त्यांचं एकच, "कधी येताय हो?" आणि सर यशोधनच्या मागे, "दूतावासाच्या खास विमानाचं काही कळलं का रे?" त्याचं उत्तर ठरलेलं, "नाव दिलंय बाबा, बघतोय." ईमेल-बिमेल सरांना जमत नसे. सगळा कारभार लेकाच्या हाती होता, आणि लेकावर कुणी संशय घेतो का?

जूनमध्ये एका सकाळी शेजारच्या सुनेत्राचा मिरजेहून फोन आला. शैलाताई गेल्या. सरांनी बायकोला अग्नी दिलेला फोनवर पाहिला, तोही अर्धाच; मधेच चित्र गोठलं. सर हंबरडा फोडून रडले.

तेव्हा यशोधनला राहवलं नाही. "बाबा, मे महिन्यात जागा मिळाली होती. मीच नको म्हणून कळवलं."

सरांनी डोळे पुसत मान वर केली.

"तुमचं वय, मधुमेह, बंद विमानात आठ-नऊ तास, वर मुंबईत विलगीकरण. आकडे फार वाईट होते हो. आणि आई औषधांवर बरी होईल असं डॉक्टर म्हणत होते. पुरावा बघायला तुम्हीच शिकवलंत ना?"

वा रे शास्त्र! सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुरावा बघायला शिकवलं, बापाला कोंडून ठेवायला नाही! अरे, शाळेतल्या पोरालाही मी विचारायचो, सहलीला येतोस का म्हणून. तुला मला एका शब्दानं विचारता आलं नाही? ती तिकडे वाट बघत मेली रे!"

दिवसभर घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी यशोधन लगबगीनं सरांच्या खोलीत आला. डोळे सुजलेले, हातात फोन. "बाबा, घरात कुणी गेलं असेल तर दूतावास आधी जागा देतो. शुक्रवारचं विमान आहे. मी हो म्हणून टाकलंय."

"तसंच बंद विमान ना?"

"हो."

"आणि मुंबईत विलगीकरण?"

"ते आहेच."

"मग माझा मधुमेह गेला का रे? की महिन्याभरात मी तरुण झालो?"

यशोधननं फोन खिशात घातला.

"ती होती तेव्हा माझा जीव लाखमोलाचा होता," सर म्हणाले. "आता खुशाल धोक्यात घालायला तयार झालास. का, ते मी सांगू? आता तुला माझ्याकडे बघवत नाही."

सर उठले आणि कपाटातले कपडे काढून बॅगेत भरायला लागले. यशोधन मदतीला पुढे झाला, तसा सरांनी त्याचा हात बाजूला सारला.