लिंडा ग्रॅहमची कोण?

बहरीनमध्ये असताना मी एका सख्ख्या बहीणभावाचं लग्न लावून दिलं.

ईरा, ओम, असे दचकू नका आणि लगेच आईला फोनही लावू नका. आधी सगळं वाचा. (मराठीतूनच वाचा. तुम्हाला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. कंटाळा येतो, एवढंच!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मनामाच्या जुन्या बाजारामागे एका इमारतीत आम्ही राहत होतो. तुमची आई, म्हणजे आमची वैशाली, नुकतीच बारावी झाली होती आणि तिला मेलबर्नच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कागदपत्रं तयार होती, आजोबा तयार होते. तयार नव्हत्या फक्त तुमच्या पणजी, माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मग ती आपली आत्या असो वा नसो. त्यांच्या शब्दाबाहेर आजोबा आयुष्यात गेले नव्हते. आत्याबाई व्हिजिट व्हिसावर आल्या त्या लोणच्याच्या बरण्या आणि एक ठाम मत घेऊनच.

"पोरगी परमुलखात एकटी धाडायची न्हाई!"

वैशाली खोलीत जाऊन रडली. मी मात्र स्वस्थ होते, कारण माझ्याकडे योजना होती. (माझ्याकडे नेहमीच योजना असते. पुढे काय होतं ते वाचालच.) तेव्हा टीव्हीच्या इंग्रजी वाहिनीवर रोज संध्याकाळी एक ऑस्ट्रेलियन कौटुंबिक मालिका लागायची. टुमदार गल्ली, अंगणात फुलं, शेजारीपाजारी, रुसवेफुगवे. ही आत्याबाईंना रोज दाखवायची, म्हणजे तिकडची माणसंही आपल्यासारखीच आहेत हे त्यांना पटेल! त्यांना इंग्रजी येत नसलं म्हणून काय झालं? मी होते ना. इंग्रजी घेऊन बी.ए., तेही पहिल्या वर्गात!

पहिल्याच संध्याकाळी मी नापास झाले.

"ही त्याची कोण गं?" पडद्याकडे बोट करून आत्याबाईंनी विचारलं.

तो ग्रॅहम. ती लिंडा. दोघं एका घरात राहत होते आणि लग्न झालेलं नव्हतं. आता हे कराडच्या भाषेत कसं सांगायचं? शेजारच्या जुबेदाभाभी, मूळच्या रत्नागिरीकडच्या, खजुराची बशी घेऊन रोज यायच्या. त्याही उत्तरासाठी थांबल्या.

"बहीण," मी म्हणाले.

"धाकटी?"

"पाठचीच."

पुढचं काम तिथल्या टीव्हीवाल्यांच्या कात्रीने सोपं केलं. दोन चेहरे जरा जवळ आले, की कात्री चालायची आणि पुढच्या क्षणी सगळे टेबलाशी टोस्ट खात बसलेले दिसायचे.

"हे सारखं खायलाच का बसतात गं?"

"कष्टाळू आहेत, आत्याबाई. भूक लागते."

आत्याबाईंना मालिकेचा लळा लागला. ग्रॅहमचा त्यांनी गंपू केला, लिंडाची लिंबी केली. "बहिणीला कसा जपतो बघ गंपू! आमच्या रामानं कुसुमला असं कधी जपलं न्हाई." (राम म्हणजे तुमचे आजोबा, कुसुम म्हणजे त्यांची धाकटी बहीण. आजोबा वर्तमानपत्रामागे दिसेनासे झाले.) आणि एके दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "बघू. माणसं बरी दिसत्यात तिकडची." वैशालीने त्याच संध्याकाळी माळ्यावरून बॅग काढली!

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमने लिंडापुढे गुडघा टेकला आणि अंगठी काढली.

"बहिणीच्या पाया का पडतोय?"

"आज... त्यांच्याकडे भाऊबीज आहे."

"मग ओवाळायचं तिनं. हा का वाकतोय?" जुबेदाभाभी म्हणाल्या.

"तिकडे उलटं असतं."

एवढ्यावर निभावलं असं मला वाटलं. पण मालिकावाल्यांना घाई होती. त्याच आठवड्यात पडद्यावर चर्च दिसलं, पांढऱ्या झग्यातली लिंडा दिसली, आणि आत्याबाईंनी हरखून टाळी वाजवली. "लिंबीचं लगीन! बाई बाई, केवढी सुंदर दिसतीया! नवरदेव कुठाय?"

नवरदेवाने मान वळवली. ग्रॅहम!

जुबेदाभाभींच्या हातातला खजूर हातातच. आत्याबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या, आणि नेमकी तेव्हाच अजानची वेळ झाली. मालिका थांबली, पडद्यावर मशिदीचं चित्र आलं. देव प्रत्येक धर्मात दयाळू असतो, याचा मला त्या दिवशी अनुभव आला.

"मम्मी, डू समथिंग!" वैशाली कानाशी कुजबुजली.

अजान संपली. मी घसा साफ केला.

"सख्खी नाही, आत्याबाई. बहीण म्हणजे मामेबहीण. लिंडा ग्रॅहमच्या मामाची मुलगी!"

आत्याबाईंचा चेहरा फुलला.

"आगं, मग आधी सांगायचं! मामाची पोरगी म्हणजे हक्काचीच की! सायबाच्या मुलखातबी आपलीच रीत?"

"आमच्यात पण चालतं ना, मावशी," जुबेदाभाभींनी जोडलं आणि अडकलेला खजूर खाल्ला.

आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या, मूठभर बासमती घेऊन आल्या आणि टीव्हीवर अक्षता टाकल्या. (तांदूळ टीव्हीच्या जाळीत गेले. आजोबा नंतर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते.) मी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्ध्यातच अडकला, कारण आत्याबाई म्हणाल्या, "आपल्या वैशालीचंबी असंच करू! कुसुमचा सुधीर हाय की. त्याच्या मामाचीच पोरगी न्हवं का ही? मेलबर्न न् फिलबर्न कशाला? शुक्रवारी कुसुमला फोन लावा."

सुधीर मुलगा वाईट नव्हता. पण वैशालीला तो ठाऊक होता तो लहानपणी तिला विहिरीवरच्या चिंचेवरून ढकलणारा म्हणून. ती उठली आणि आत जाऊन बॅगवर बसून रडू लागली. आजोबा म्हणाले, "खलास! तूच लावलंस ते लग्न, आता तूच मोड."

शुक्रवारच्या आत मला ग्रॅहम-लिंडाचा संसार उधळायचा होता. दुर्दैव असं, की ती दोघं अत्यंत सुखात होती!

लिंडा खळखळून हसली. मी भाषांतर केलं, "म्हणते, नात्यात लग्न करून पस्तावले."

"हसत हसत?"

"तिकडे भांडण हसूनच करतात."

ग्रॅहमने तिच्या पाठीमागे उशी ठेवली. "म्हणतो, लहानपणापासून तुलाच बघतोय, आता वीट आला."

"वैनी, वीट आला तर उशी कशाला ठेवतोय?" जुबेदाभाभींनी विचारलं. या बाईला मी रोज चहा पाजत होते!

एसीत बसून मला घाम फुटला होता. गुरुवारी तर कहर झाला. ग्रॅहमने ॲप्रन बांधला, सिंकमधली सगळी भांडी घासली, चहा केला आणि कप लिंडाच्या हातात देऊन काहीतरी गोड बोलला.

"काय म्हणला?"

"म्हणाला, तुझं तोंड बघायची इच्छा नाही."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी आत्याबाई पडद्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "वैशाली! ये भाईर."

वैशाली सुजलेले डोळे घेऊन दारात आली.

"जा तू मेलबर्नला."

"आणि सुधीर?" मी न राहवून विचारलं. (गप्प बसणं मला कधी जमलंय?)

"सुधीर गोड बोलतो गं, पण पाण्याचा तांब्या उचलून ठेवत न्हाई. आन् हितं बघ. एवढं टोकाचं भांडण, बायकूचं तोंड बघवंना, तरी गडी भांडी घासतोय, च्या करून देतोय! भांडताना ही तऱ्हा, तर नांदताना काय करत असंल? अशा मुलखात पोरीला कसलं भ्या?"

"यल्ला, चला, पेढे आणा!" जुबेदाभाभी ओरडल्या. वैशाली पणजींच्या गळ्यात पडली. माझ्या इंग्रजीचे आभार कुणीच मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्या सगळ्या मालिकेतलं एक वाक्यही मी खरं सांगितलं नव्हतं.

तर मुलांनो, तुमची आई अशी तिकडे गेली, तिथंच तुमचे बाबा भेटले. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा पणजींनी नाव-गाव विचारण्याआधी त्यांना स्वतःचा कप विसळायला लावला होता. का, ते आता तुम्हाला कळलं.

आणि ईरा, तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या ओट्याशी एक उंच मुलगा भांडी घासताना दिसतो. 'जस्ट अ फ्लॅटमेट, आजी,' असं तू लिहिलंस. मी काही विचारत नाही. इथल्या बायकांनी विचारलं, तेव्हा मी शांतपणे सांगितलं, भाऊ आहे. सख्खा नव्हे हं, आतेभाऊ. पुढेमागे अक्षता टाकायची वेळ आली, तर या वयात मला पुन्हा घाम फुटायला नको!