रेडिओ आणि माफीचा कायदा

ज्याच्या वस्तऱ्याखाली मी वर्षानुवर्षं मान दिली, त्या माणसाला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तो न्हावी. तोंडाला खंड नाही म्हणून सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणत. मी अबोल, त्यामुळे आमचं बरं जमायचं. आता दुकानाला कुलूप आहे. नवरा-बायको कुठे गेली, कुणी सांगत नाही.

त्याच्या दुकानासमोर एका औषधवाल्याचा खून झाला होता. रेडिओने दारातून पाहिलं आणि कोर्टात बोट दाखवून सांगितलं, ‘हाच तो.’ खुनी एका मंत्र्याचा मेहुणा. जन्मठेप ऐकून तो रेडिओला म्हणाला होता, ‘दाढीला येतोच तुझ्याकडे.’ हा किस्सा रेडिओ गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा.

मग बातमी आली, राष्ट्राध्यक्ष त्या मेहुण्याला माफी देणार. रेडिओची पाचावर धारण बसली. आरशात रस्ता दिसेल अशी त्याने खुर्ची फिरवून घेतली. दारात सावली पडली की वस्तरा गालावर थबकायचा, आणि माझा श्वासही.

‘काय रे, सेल संपले वाटतं?’ एकाने टोमणा मारला. रेडिओ दाराकडेच बघत राहिला.

त्याची सगळी भिस्त संसदेतल्या एका विधेयकावर होती. खुन्याला राष्ट्राध्यक्षांनी एकट्याने माफी द्यायची नाही, संसदेला विचारायचं. ते मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी मी दाढीला गेलो, तर त्याची बायको पडद्यामागून म्हणत होती, ‘आता तरी दोन घास नीट खा हो!’

‘काका, वाचा ना मोठ्यानं,’ त्याने पेपर माझ्या हातात दिला.

मी वाचत गेलो आणि अडखळलो. ‘हा कायदा यापुढे होणाऱ्या शिक्षांना लागू राहील.’

‘यापुढे म्हणजे?’

‘म्हणजे... आधीच्यांना नाही.’

‘मग त्याला?’

‘त्याला माफी देता येईल. मला तरी असंच वाटतं. माझं चुकतही असेल.’

पडद्यामागे भांडी वाजत होती, ती थांबली. माझ्या गालावर साबण वाळायला लागला. बाहेर एक गाडी हळू झाली. आम्ही दोघेही आरशात बघत राहिलो. गाडी पुढे निघून गेली.

त्याने वस्तरा धुतला. दुसऱ्या हाताने मनगट धरून त्याने दाढी पुरी केली.

‘काका, मिशी बारीक करू?’

‘राहू दे तशीच.’

‘बरं.’