गरम होणारी सीट

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, जन्मभर मधमाश्या पाळत आले. माणूस सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही.

त्यांच्या मधपेट्या टेकडीवर. वाट मातीची, मधे एक ओली घळ. जुना ट्रक कण्हत-कुंथत का होईना, वर चढायचा. ताई शेजारी बसून खड्ड्यागणिक दाजींचा उद्धार करायची. मग तिचे गुडघे गेले आणि तिचं वर जाणं सुटलं. दाजी परतले की दारातूनच विचारायची, "बरी आहेत ना सगळी?" जसं काही पोरंच होस्टेलला ठेवलीत!

म्हणून दाजींनी नवा ट्रक घेतला. किंमत ऐकून मला घाम फुटला. जाहिरातीत तो डोंगर चढायचा, नदी पार करायचा. शोरूमवाल्याने विचारलं, "त्याच पैशांत चिखलाचे दणकट टायर घेता, की गरम होणारी सीट?" दाजी म्हणाले, "सीट द्या. हिच्या गुडघ्यांना शेक मिळेल." जुना ट्रक दूधवाल्याला देऊन टाकला. मी म्हटलं, "दाजी, घळीत सीट ढकलणार आहे का गाडी?" तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं!"

नव्या गाडीला ते चिखल लागू देईनात, रोज पुसून ठेवत; टेकडीवर जायचे ते पायीच. तेवढ्यात टेकडीच्या मालकाने जागा परत मागितली. मग पेट्या लांबच्या एका मधवाल्याला विकल्या. तो न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "मला एकदा नेऊन आणा. दोघांनी मिळून निरोप देऊ."

निघालो. ताई पुढे शेक घेत बसलेली, मी मागे. घळीशी गवत कमरेएवढं वाढलेलं. ती शहाणी गाडी गवताला भिंत समजली, टुंई टुंई ओरडली आणि ऐन चढणीला आपणहून ब्रेक लावून थांबली. पुन्हा निघायला गेलो, तर गुळगुळीत चाकं जागच्या जागी फिरली आणि रुतली. दाजींनी सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर तेवढे सुरू झाले. हसू येत होतं, पण दाजींचं तोंड बघून मी खिडकीबाहेर बघू लागलो.

शेवटी मी दूधवाल्याला फोन लावला. तो आमचाच जुना ट्रक घेऊन आला, बाजूने घळ चढून वर उभा राहिला. म्हणाला, "काकू, चला, आधी तुम्हाला वर सोडतो. उतरताना ही ओढून काढू."

मी ताईला धरून चढवलं. ती त्या फाटक्या, टणक सीटवर बसली आणि म्हणाली, "अहो, या की. मागे जागा आहे."

दाजी गाडीकडे बघत राहिले. "एवढी महागाची गाडी अशी उघड्यावर टाकून? तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथे." ताईने दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

वर पोचेपर्यंत ती खड्ड्यागणिक गुडघे चोळत होती. पेट्यांपाशी मात्र काठी टाकून एकेका पेटीला कान लावत गेली. शेवटच्या पेटीशी सवयीने म्हणाली, "अहो, ऐका ना, किती भरलीय ही!" आणि मागे वळली. मागे मी होतो. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

खाली आलो तर दाजींनी गाडी लख्ख पुसून ठेवलेली. दार उघडून म्हणाले, "बस लवकर. सीट केव्हाची गरम करून ठेवलीय."

ताई बसली. दूधवाल्याने दोर बांधला. दाजींनी हळूच विचारलं, "बरी आहेत ना सगळी?"

"तुम्हीच यायचं होतंत की बघायला," ताई म्हणाली. तेवढ्यात दोर ताणला गेला आणि जुन्या ट्रकने आम्हाला घळीतून बाहेर ओढलं.