आवाजाचा भाव आणि वरचा सांभार

गेल्या आठवड्यात अमरावतीतले एक कापड दुकानदार आमच्या घरी आले. ओळखीचे, सभ्य, बसतानासुद्धा कोटाला चुणी पडू न देणारे. त्यांचं दुकान नव्या जागेत जातं आहे. त्या दिवशी मोटारीवर कर्णा बांधून ती गावभर फिरवायची आहे आणि त्या कर्ण्यात मी "दोन शब्द" बोलावेत, अशी त्यांची इच्छा होती. मी विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी माझा भाव सांगितला. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या पंगतीला पोटभर जेवून वर ताटही मागितलं.

"अहो, तुम्हाला त्यात काय," ते म्हणाले, "नुसतं बोलायचंच तर आहे."

अर्धा चहा तसाच ठेवून ते गेले. घरातली पोरं हसली, आणि थोरला पुतण्या म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, तुमी तं दिवसभर फुकटच बोलता."

हे खरं आहे, म्हणूनच जास्त लागलं. पण त्या "नुसतं"शी माझं जुनं भांडण आहे. ते पोरांना एकदा नीट सांगावं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर माळ्याचं. वडिलांची गावाबाहेर दीड एकर बागाईत होती. वांगी, मुळे, पालक आणि सांभार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. बाजारच्या दिवशी आम्ही इतवाऱ्यात पाल ठोकून बसायचो. माझा आवाज तिथला. आमच्या पालापासून चार पालं सोडून बसलेल्या बाईला माझ्या ओरडण्यानं स्वतःचा भाव आठवत नसे, अशी तिची तक्रार होती. वडिलांचा एकच दंडक होता. गिऱ्हाइकाला तोलून दिलं की वर चार काड्या सांभार टाकायचा. न मागता टाकायचा. माझा हात इतका सवयीचा झाला होता, की एकदा आमच्याच घरी पाहुण्यांना ताक वाढताना मी वर सांभार टाकायला पाटीत हात घातला आणि पाटी नव्हतीच.

मी ऐन पंचविशीत असताना अंबा दरवाज्याबाहेर सिनेमाचा तंबू लागला. तेव्हा पडदा मुका होता. चित्रं हलायची, मग मध्येच अक्षरांची पाटी यायची, आणि जमिनीवर बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना ती वाचता येत नसे. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस पत्र्याचा भोंगा घेऊन उभा असे आणि पाट्या मोठ्यानं वाचून दाखवी. तंबूतला हा माणूस हिवतापानं पडला. तंबूचे मालक इतवाऱ्यात भाजी घ्यायला आले होते, त्यांनी मला मुळे विकताना ऐकलं आणि विचारलं, "वाचता येते काय बे तुले?"

चौथीपर्यंत येत होतं. भाव ठरला खेळाला बारा आणे, काम पाट्या वाचायचं. रोज संध्याकाळी एक खेळ. मला तो भाव राजाचा वाटला. चार दिवसांनी कळलं, की समोर पेटी वाजवणाऱ्या बुवांना त्याच खेळाचे दोन रुपये मिळतात. मी मालकांना विचारलं, असं काहून?

मालक हंगामात कापसाची दलाली करायचे आणि उरलेल्या महिन्यांत तंबू चालवायचे. प्रत्येक गोष्ट ते गाठ आवळल्यासारखी बोलत.

"पेटीले पैसे पडले हायेत, बापू," ते म्हणाले. "भाता फाटला तं दुरुस्तीले पैसे पडतात. तुह्या तोंडाले काय पडलं? ते तं तुले देवानं फुकट देल्लं."

मी मान हलवली. आज लिहिताना माझे कान तापतात, पण तेव्हा मी मान हलवली.

आणि पुढचा मूर्खपणा पूर्ण माझा. बारा आण्यांत पाट्या तोलून दिल्या की माझा हात आपोआप सांभाराच्या पाटीकडे जायचा. पडद्यावर राणी रडायची, पाटी काही यायची नाही, मग मी राणीच्या आवाजात दोन हुंदके टाकायचो. लोकांना आवडलं. दुसऱ्या दिवशी राणीला अख्खं बोलायला लावलं. मग सासू आली, दासी आली, चेटकीण आली. सगळ्या बायका माझ्याच घशातून यायच्या, आणि घरी म्हणत की राणी अगदी आमच्या वांगी विकणाऱ्या आत्यासारखी बोलते. मग घोडा. टाळ्यावर जीभ आपटून मी घोडा असा पळवायचो, की पुढे बसलेली माणसं पाय आखडून घ्यायची. यंत्र एकच होतं, एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधारात लोक कुरकुरायचे. त्या वेळात मी गप्पा मारू लागलो. शेवटी मालक म्हणाले, "दुपारून टांग्यात बसून गावातून एक चक्कर मारत जा ना, लोकायले मालूम पडलं पायजे." मी टांग्यातही बसलो. उन्हात, भोंगा तोंडाला लावून, तीन तास.

सगळं वरचा सांभार. कोणी मागितलाही नव्हता, टांगा सोडला तर. आणि फुकट मिळालेलं चार दिवसांत हक्काचं होतं. एकदा मला खोकला होता म्हणून मी घोडा केला नाही, तर मालक खेळानंतर म्हणाले, "आज काम अर्धंच देल्लं तू." मी माफी मागितली. खरंच मागितली.

दिवाळीनंतर माझा गळा बसायला लागला. सकाळी उठलो की राणीही नाही आणि सासूही नाही, नुसती फुटक्या भात्याची हवा. वैद्यबुवांनी ज्येष्ठमध दिलं आणि सांगितलं, असंच चाललं तर आवाज जाईल तो परत यायचा नाही. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, उन्हाळ्यात चिखलदऱ्याले जाऊन ये, हवा चांगली हाय. ते स्वतः जात असत.

माझी बायको तेव्हा माझ्या आईबरोबर इतवाऱ्यात पालावर बसायची. तिनं मला दूध-हळद दिलं आणि पालकाच्या जुड्या बांधता बांधता विचारलं, "अवो, ठरलं काय होतं तुमचं?"

"पाट्या वाचायच्या," मी कुजबुजलो. दुसरं काही येतच नव्हतं.

"अन् देऊन काय राहिले तुमी?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. तिनं जुडीची गाठ मारली. मग म्हणाली, "मामंजी चार काड्या टाकतात वरून. तुमी तं वावर उपटून देऊन राहिले. गळा गेला म्हणजे मालक तुमच्या पालावर येऊन मुळे इकणार हाय काय?"

"पण लोकायले आवडते ना," मी म्हणालो.

"मले पण आवडते. म्हणून तं भाव पायजे."

पुढच्या आठवड्यात तंबू अकोल्याला जायचा होता. सगळं सामान मालगाडीत चढलं. बडनेऱ्याहून आम्ही तिसऱ्या वर्गात एकाच बाकावर बसलो: मालक, पेटीवाले बुवा, पेटी आणि मी. पेटीला खिडकीजवळची जागा मिळाली होती. मी गाडी सुटल्यापासून मनात वाक्य जुळवत होतो, ते मूर्तिजापूर आलं तेव्हा तोंडातून निघालं.

"मालक, पाट्यायचे बारा आणे ठीक हायेत. बाकीचं येगळं धरा."

"बाकीचं कोन्तं?"

"राणी. सासू. घोडा. रिळाच्या मधल्या गप्पा. टांगा."

मालक हसले. बुवाही हसले, आणि ते मला जास्त लागलं. "अबे, घोड्याचे पैसे मागून राहिला हा," मालक बुवांना म्हणाले. "उद्या खोकल्याचे मागशीन. तुले कोनी सांगतलं होतं घोडा कर म्हणून?"

"कोनीच नाई," मी म्हणालो. "म्हणून आता करत नाई."

"नको करू. पाट्या वाच. लोक पडदा पाहाले येतात, तुले आयकाले नाई."

हे वाक्य मी अकोला स्टेशनापर्यंत गिळत होतो. त्या वयात माणसाला वाटतं की आपण नसलो तर पडदा फाटेल. ते खोटं असेल, पण मला ते खोटं आहे की नाही हे पाहायचं होतं.

अकोल्यात तंबू मोर्णा नदीच्या काठावरच्या मोकळ्या पटांगणात लागला. पहिल्या संध्याकाळी गर्दी जबर होती. कापसाच्या जिनातले मजूर, खेड्यांतून बैलगाड्या जुंपून आलेली कुटुंबं, पुढे जमिनीवर बाया आणि म्हाताऱ्या. खेळ तोच राणीचा. मी भोंगा घेऊन उभा राहिलो आणि पाट्या वाचल्या, शाळेत धडा वाचतात तशा. पाटी संपली की भोंगा खाली.

पहिलं रीळ लोकांनी समजून घेतलं. दुसऱ्या रिळात घोडा धावला. नुसता पडद्यावर, बिनआवाजाचा, मांजरीसारखा. मागून कोणी तरी विचारलं, "भोंगेवाला झोपला काय?" मी झोपलो नव्हतो. माझी जीभ दातांमागे अशी वळवळत होती, की तिला दाढेखाली धरून ठेवावी लागली. रीळ बदललं, अंधारात कुरकूर सुरू झाली. मी गप्प. बुवा हळूच म्हणाले, "आज पयल्यांदा माही पेटी मलेच आयकू आली." ते खुशीत होते की नाही, मला कळलं नाही.

तिसऱ्या रिळात राणीला राजवाड्याबाहेर काढतात. ती मुलाला जवळ घेते आणि बराच वेळ तिचे ओठ हलतात. पाटी नाही.  पुढे बसलेली एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना रे बाप्पा, काय म्हणून राहिली ते पोराले?"

मी खरं सांगतो, त्या क्षणी माझा हात सांभाराच्या पाटीत होता. म्हातारी पैसे देऊन आली होती, भांडण तिच्याशी नव्हतं. तोंड उघडलंही. पण निघाला तो नुसता भात्याचा आवाज, कारण दुपारी मालकांनी टांगा मात्र फिरवून घेतलाच होता, आणि मी मूर्खासारखा फिरलोही होतो. राणीपुरताही गळा माझ्याकडे उरला नव्हता. मला राग आला तो इथं. मालकांचा आलाच, पण त्याहून माझा स्वतःचा.

रीळ संपलं, कंदील वर केले. मी एक घोट पाणी घेतलं, भोंगा उचलला आणि उरलेल्या आवाजात, इतवाऱ्यात ओरडतो त्या चालीवर भाव पुकारला.

"पाट्यायचे बारा आणे, ते मिळाले. राणीचं बोलणं अन् रडणं, खेळाले चार आणे. सासू, दासी, चेटकीण, तिघी मिळून तीन आणे. रिळाच्या मधल्या गप्पा तीन आणे. घोडा एक आणा, कितीबी धावला तरी. दुपारचा टांगा आठ आणे. सगळं घेतलं तरी पेटीपेक्षा एक आणा कमी."

तंबू हसायला लागला. मला वाटलं, गेलो. पण ती म्हातारी मालकांकडे पाहून म्हणाली, "द्या ना हो. एका आण्याचा घोडा हाय, महाग नाई." मागून जिनातले लोक ओरडले, "अवो शेठ, घोडा घ्या." कोणी राणी मागितली, कोणी चेटकीण. भाजीच्या पालावर घासाघीस होते तशी माझ्या घशाची घासाघीस चालली होती, फरक इतकाच की गिऱ्हाईक सगळं माझ्या बाजूचं.

मालक दारापाशी तिकिटाच्या पेटीवर हात ठेवून उभे होते. कापसाच्या बाजारात ते रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे. चारचौघांत उघडा भाव करायची त्यांना लाज वाटत होती, हे मला स्पष्ट दिसलं. "बोल बे," ते शेवटी म्हणाले. "देईन. बोल."

मी राणीला बोलायला लावलं. आवाज फाटका होता, पण राजवाड्यातून हाकललेल्या बाईला तो शोभला. म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली होती.

खेळ सुटल्यावर मालक माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "चाल, राणी देली, सासू देली, सगळं देलं. पण घोडा तं वरून टाक, बापू. येवढा भाव झाला आपला."

आणि पोरांनो, मी "बरं" म्हणणार होतो. ओठावर आलं होतं. चार काड्या सांभार, काय जातं? मग बायकोचा पालक बांधणारा हात डोळ्यांपुढे आला.

"घोडा एक आणा," मी म्हणालो.

मालकांनी घोडा घेतला. टांगा मात्र घेतला नाही. आठ आण्यांना टांगा महाग पडतो म्हणून त्यांनी चित्राची पाटी आणि ढोलकं फिरवलं, आणि त्यामुळेच माझा गळा वाचला. पुढे तीन वर्षं मी त्या भावानं बोललो. नंतर बोलपट आले. मालक मला भेटले तेव्हा खूप आनंदात होते. म्हणाले, आता पडदाच बोलते. मी विचारलं, त्या पडद्यात जे बोलून राहिले, त्यायले किती देतात? त्यांना ठाऊक नव्हतं. मला आजही ते जाणून घ्यायचं आहे.

तर ते कापडवाले. चौथ्या दिवशी परत आले. मधल्या काळात त्यांनी मुनिमाला कर्ण्यात बोलून पाहायला लावलं होतं म्हणे. माझा भाव कबूल केला, वेळ मात्र दुपारी एकपर्यंतच. काल मी बोललो. एक वाजला, मी कर्णा खाली ठेवला, तर ते संकोचून म्हणाले, "शेजारची मुलं म्हणत होती, तुम्ही घोडा फार छान करता. जाता जाता एकदा?"

"घोड्याचा एक आणा," मी म्हणालो. "अकोल्यापासून वाढवलेला नाही."

 त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, घडी मोडली, आणि एक आणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो मी धोतराच्या सोग्याला बांधला आणि मग घोडा सोडला.