रस्ता पाहून पुस्तक

प्रवासात वाचायला पुस्तक मागितलं की नागभीडच्या आमच्या छोट्या वाचनालयातले कवडूभाऊ आवडनिवड विचारत नसत. ते विचारत, "कुठी चालली? कोन्त्या गाडीनं?" मग चष्मा कपाळावर चढवून कपाटापुढे उभे राहत. ब्रह्मपुरीपर्यंत जायचं तर बारीक टाइप चालेल. आष्टीच्या पुढे ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली, तिकडे मोठ्या अक्षरांच्या गोष्टी. उभ्यानं जावं लागणार असेल तर काहीतरी विनोदी. स्वतः मात्र गडचिरोलीच्या पुढे कधी गेले नव्हते.

"मग रस्ते कसे माहीत?" मी एकदा विचारलं.

"वापस आलेल्या पुस्तकाची धूळ पाह्यली का समजते."

घर ढिवरांचं. भाऊ-पुतणे तलावात जाळी टाकायचे आणि हे बांधावर बसून वाचायचे. घरची बोलणी रोजची. पण त्यांचं शहाणपण तिथलंच होतं. "तलाव पाहून जाळं घ्या लागते, बाई. पुस्तकाचंबी तसंच."

माझी नेमणूक एटापल्लीकडच्या एका उपकेंद्रात झाली, नर्स म्हणून. गाव गोंडी बोलणारं, मी मराठी. मी लसीची पेटी घेऊन गेले की बाया बाळं घेऊन रानात पसार. वर्षभर हेच. शेवटी सुट्टीत घरी राजीनामा लिहिला, पर्समध्ये घातला आणि भाऊंकडे पुस्तक मागायला गेले. कागद मीच दाखवला.

त्यांनी तो वाचला. उपदेश केला नाही. सगळ्यात जाड कादंबरी काढून पुढ्यात ठेवली. म्हणाले, "देजो राजीनामा. पन हे संपल्यावर. एवढं कबूल कर."

मी वैतागून हो म्हटलं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता.

एका दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर ती कादंबरी वाचत बसले होते. गावातली आमची आशा सेविका जैनी शेजारी येऊन बसली. "काय लिहून आहे, सांग न." मी एक पान वाचून दाखवलं. तिनं ते पाणी भरायला आलेल्या दोघींना गोंडीत सांगितलं, आणि सांगताना स्वतःचं भरपूर घातलं. माझ्या एका पानाला तिचा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी आठ जणी आल्या, बाळांसकट. कादंबरीतल्या सासूला त्या मनसोक्त शिव्या घालायच्या. महिनाभरात एका आईनं आपण होऊन बाळाची मांडी पुढे केली आणि म्हणाली, टोच, पण आधी सांग, ती सून माहेरी गेली का?

पुस्तक सात महिन्यांनी संपलं. त्या दिवशी जैनी म्हणाली, "आता दुसरं आन." राजीनामा कुठे गेला, मला खरंच आठवत नाही.

भाऊंना सगळं सांगितलं. तुमच्यामुळे टिकले, असंही मी म्हणाले, कारण ते खरं होतं आणि आजही आहे.

"मायामुळं नाई, त्या बायाईमुळं," ते म्हणाले. "म्या तं जाडं पाहून देलं. पंधरा दिवस तरी थांबशील म्हनून."

यंदा दिवाळीनंतर भाऊ गेले. निरोप आला तेव्हा माझं लसीकरण चालू होतं. निघाले असते तर अंत्यदर्शन झालं असतं. ओट्यावर अजून सहा आया बसल्या होत्या, दोघी तर डोंगरापलीकडून चालत आलेल्या. सहाही बाळांना टोचलं, कार्डं भरली आणि मग एसटी धरली.

पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या पत्नी, शेवंताबाई, दारातच बसल्या होत्या.

"उशीर काऊन झाला, बाई?"

"लसीकरण होतं. सहा बाळं राहिली होती."

"झाली सारी?"

"झाली."

त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं. "मंग बरं केलं," त्या म्हणाल्या.