मालकीणबाईंच्या कमरेचा जुडगा

आज मी घरी पत्र लिहितो तेव्हा खाली सहीशेजारी सूतगिरणीचा पत्ता घालू शकतो, तो केवळ तेर गावच्या माझ्या घरमालकीणबाईंच्या कृपेने. त्यांचे उपकार मी आधीच मोजून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की ह्या बाईंनीच मला देशोधडीला लावायचं बाकी ठेवलं होतं. तेही खरं आहे. पण ते नंतर. आधी एवढंच सांगतो की कुलूप ही वस्तू ज्या कुणी माणसाने पहिल्यांदा घडवली, त्याच्या डोळ्यांपुढे आमच्या मालकीणबाईच असणार. त्यांच्याइतकं कुलपावर प्रेम करणारं दुसरं माणूस उभ्या मराठवाड्यात झालं नसेल.

मी मूळचा कोकणातला. नववीत शाळा सुटली, मग चुलत्याच्या टायपिंगच्या वर्गात झाडलोट करता करता बोटं चालायला लागली, आणि त्या बोटांच्या जिवावर ओळखीतून ओळख निघत मी तेरजवळच्या माळावर नव्याने उभ्या राहिलेल्या सहकारी सूतगिरणीत येऊन पडलो. आमच्याकडे पाणी कौलांवरून, पाणंदीतून, कधी कधी घरातूनसुद्धा वाहतं. इथे उतरलो त्या वर्षी तेरणा नदीच्या पात्रात पोरं चेंडू खेळत होती. खोली बघायला गेलो तर मालकीणबाईंनी आधी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुलूप आणलाव का?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग काय आणलाव?" माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आणि वळकटी होती. त्यांच्या दृष्टीने मी उघडाच आलो होतो.

त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा असा एक जुडगा होता की त्या गल्लीच्या टोकाला असल्या तरी आवाजावरून मांजर चुलीवरून उतरून बसायचं. धान्याच्या कोठीला कुलूप, दुधाच्या जाळीच्या कपाटाला कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्याला कुलूप. दिवाळीत उरलेले तेरखेड्याचे फटाके त्यांनी एका डब्यात घालून त्यालाही कुलूप लावलेलं होतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ते सादळून फुसके व्हायचे, पण चोरीला एकही गेला नाही हे त्या अभिमानाने सांगत. पाण्याच्या रांजणाला त्यांनी लाकडी झाकण बसवून लोहाराकडून कडीकोयंडा मारून घेतला होता. मला आधी वाटलं, काय ही कंजूस बाई! पण टँकर यायचा बंद झाला की अर्धी गल्ली त्यांच्या दारात यायची, आणि त्या प्रत्येकासाठी कुलूप काढायच्या, तांब्या भरून द्यायच्या, पुन्हा कुलूप लावायच्या. पुढचा माणूस दारात उभाच असला तरी मध्ये कुलूप लावणं चुकायचं नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, एकदाच उघडं ठेवा की." त्या म्हणाल्या, "पाण्याला म्या कुणाला न्हाय म्हनत न्हाय. पर इच्यारल्याबिगर घ्यायचं न्हाय. इच्यारलं की चार शबूद बोलनं व्हतं, कोन आजारी हाय, कोनाची लेक आलीया, समदं कळतं."

कुलूप लावून झालं की त्याला लोंबकळून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा लोंबकळायचं, हा त्यांचा नेम. उस्मानाबादच्या गाडीचा कंडक्टर हे ओळखून होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवून तो ओरडायचा, "मावशी, दुसऱ्यांदा ओढून झालं का? मग या!" एकदा त्या अशाच घाईत गाडीला गेल्या आणि घरात मालकांना कोंडून गेल्या. हे मालक, म्हणजे त्यांचे यजमान, अत्यंत शांत गृहस्थ. शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवून निवृत्त झालेले आणि त्यामुळेच बहुधा जन्मभराचा आवाज संपवून बसलेले. शेजारणीने खिडकीच्या गजांतून त्यांना चहा दिला, कुणी पान दिलं. संध्याकाळी मी धावत जाऊन विचारलं, "काका, ओरडायचं तरी!" ते म्हणाले, "भायेर तरी कुठं जायचं व्हतं?"

बरं, स्वतःच्या कुलपांवर त्यांचं समाधान असतं तरी बरं. दुसऱ्याचं कुलूप उघडं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कुणाच्या दाराच्या कडीला नुसतं अडकवलेलं कुलूप दिसलं की जाता जाता खटकन दाबून टाकायच्या. शाळेचे गुरुजी असेच एका दुपारी वर्गात अडकले होते. आणि किल्ली कुलपातच राहिलेली दिसली तर मग विचारूच नका. किल्ली फिरवून, काढून, जुडग्यात ओवून त्या किल्लीवाल्याची वाट बघत बसायच्या, आणि तो शोधत आला की किल्लीबरोबर अर्धा तास बोलणी द्यायच्या.

अशा बाईंच्या घरून माझा डबा येत असे. मालकांना उन्हाचं चालवत नव्हतं म्हणून डबा घेऊन त्या स्वतःच गिरणीवर यायच्या. त्याला आणखी एक कारण होतं. गिरणीने त्या साली कॉम्प्युटर घेतला होता. कामगारांची हजेरी त्यावर चढवायची होती आणि टायपिंग येतं म्हणून मला त्याच्यापुढे बसवलेलं होतं. पुण्याला आठवडाभर पाठवून शिकवूनही आणलं होतं. कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून त्या खोलीला दुहेरी दार, चपला बाहेर, आणि थंड हवेचं यंत्र. चैत्रात सगळ्या माळावर तेवढीच एक खोली थंड. मालकीणबाई डबा माझ्या हाती द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू भायेर बसून खा. म्या जरा तुझ्या म्हशीजवळ बसते." कॉम्प्युटरला त्या म्हैस म्हणत. जागेवर बसून असते, थंडाव्याला ठेवावी लागते आणि सगळे तिच्याच सेवेत असतात, असं त्यांचं म्हणणं.

एका सोमवारी मी असाच व्हरांड्यात बसून जेवलो, हात धुतले, मालकीणबाई डबा घेऊन गेल्या, आणि मी येऊन कामाला बसलो तर कीबोर्ड मेलेला. पडदा चालू, त्यावर ती छोटी रेघ लुकलुकतेय, पण मी कुठलंही बटण दाबलं तरी ढिम्म. आधी हळू दाबलं, मग जोरात दाबलं, मग सगळी बोटं एकदम टेकवली. आणि वेळ तर फारच वाईट होती. शुक्रवारी सगळे संचालक हे यंत्र बघायला येणार होते. हा पांढरा हत्ती कशाला घेतला म्हणून निम्मे संचालक आधीच रागावलेले. आणि मी अजून कच्चा. हंगामी म्हणून घेतलेला. ऑफिसचे साहेब ताठ कडक गृहस्थ, ते खोलीत आले, त्यांनी स्वतः दोन बटणं दाबली आणि म्हणाले, "शुक्रवारी हे चाललं नाही तर यंत्र परत आणि माणूसही परत. समजलं?"

मला समजलं होतं. परत म्हणजे कुठे, तेवढंच समजत नव्हतं. चुलत्याचा वर्ग बंद पडला होता. आईने गावभर सांगून ठेवलेलं होतं की पोरगं कॉम्प्युटरवर आहे.

मग सुरू झाले उपचार. वायर काढून परत खोचली. यंत्र बंद करून चालू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. साहेबांनी ती वाचून सांगितलं की कीबोर्डात बिघाड आहे, जे मला ती ओळ न समजताही ठाऊक होतं. फिटर म्हणाला, नक्की आत कापूस गेला. त्याने गिरणीतला हवेचा पाइप आणला. पहिल्याच फुंकरीला एक बटण उडून छताच्या पंख्यावर गेलं, ते शिडी लावून उतरवलं. मग सायकलच्या पंपाने सौम्य उपचार झाले. कीबोर्ड उलटा धरून सुपात ज्वारी पाखडावी तसा पाखडला. त्यातून खरंच थोडा कापूस आणि एक मेलेली मुंगी निघाली. मुंगी बघून सगळे एवढे खूष झाले की जणू रोगच सापडला. पण कीबोर्ड तसाच. इलेक्ट्रिशियन म्हणाला, व्होल्टेज. कुणी म्हणालं, दृष्ट. मंगळवारी लिंबू उतरवून झालं. बुधवारी साहेबांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. तिथून उत्तर आलं, नवा कीबोर्ड पाठवतो, पुढच्या आठवड्यात.

ह्या सगळ्यात मालकीणबाई रोज डबा घेऊन येत होत्या. पण खोलीत माणसांची गर्दी, म्हणून बाहेरच्या बाहेर डबा देऊन हिरमुसून परत जात होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

गुरुवारी संध्याकाळी मी खोलीवर येऊन वळकटी बांधायला घेतली. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे कोकणी, गठुडं कशाला बांधायलास? गावाकडं समदं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे, मावशी. पण उद्या मला काढतील. यंत्र बंद पडलंय. बटणं दाबली तरी कळत नाही त्याला."

त्या खाली बसल्या. मग पदराने डोळे पुसले, जुडगा कमरेचा सोडला, आणि त्यातून एक इवलीशी, गोल तोंडाची किल्ली काढायला लागल्या.

"मग ही घे. जाताना साहेबाला देऊन जा. लोकाची चीज माझ्यापाशी ऱ्हायाला नगं."

"ही कुठली किल्ली?"

"तुझ्या म्हशीची. म्होरल्या अंगाला कुलपात लटकायली व्हती, आदी ध्यानातच आली न्हवती. आसं कुनी ठिवतं व्हय? समदी गिरनी येती-जाती तिथं. म्या फिरवली, काढली, सोमवारी. तू आपनहून मागायला यायचास म्हनून वाट बघायले तर तू इच्यारीतबी न्हाइस."

आता हे सांगायला हवं की त्या यंत्राच्या डब्यावर, चालू-बंद करायच्या बटणाच्या शेजारी खरंच एक बारीक कुलूप होतं. किल्ली आली तेव्हापासून त्यातच लटकत होती. ती डबा उघडून दुरुस्तीला असेल आणि आपण तिला हात लावायचा नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत. पुण्याच्या शिकवणाऱ्यानेही तिचं नाव काढलं नव्हतं. आणि कीबोर्ड वेगळा, लांब वायरीला बांधलेला. चार दिवस सगळे त्याच्याकडेच बघत होतो, डब्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही कुलूप लावलंत म्हणून बंद पडलं असेल का हो?"

"आता ऐका! कुलूप लावल्यावर बंद न्हाय पडनार तर काय नाचंल?"

रात्रभर मला झोप नाही. किल्ली माझ्या हाती द्यायलाही त्या तयार नव्हत्या. मीच लावलं, मीच काढणार, म्हणून सकाळी माझ्याबरोबर गिरणीवर निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुलूप एकदाच ओढून निघालेलं पाहिलं. खोलीत साहेब, फिटर, इलेक्ट्रिशियन सगळे बसलेले होते. मालकीणबाईंनी दाराबाहेर चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, सरळ यंत्राच्या डब्याजवळ गेल्या आणि किल्ली फिरवली. मी खुर्चीवर बसलो. पहिलं जे बटण सापडलं ते दाबलं, आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, दुसरं उमटलं. ते कुलूप डबा उघडायचं नव्हतंच, कीबोर्ड बंद करायचं होतं. मी आईचं नाव टाइप केलं, मग गावाचं, मग नुसतीच अक्षरं, ओळीच्या ओळी. इतकं हलकं मला त्याआधी आणि त्यानंतरही कधी वाटलेलं नाही.

साहेबांचा चेहरा मात्र लाल झाला. "बाई, तुम्हाला यंत्राला हात लावायला कुणी सांगितलं होतं? आणि ह्याने तुम्हाला आत येऊच कसं दिलं?"

मालकीणबाई मागे सरल्या नाहीत. "हात म्या लावला. बोलायचं ते मला बोला. त्या लेकराला एक शबूद बोलायचं न्हाय. तीन दिस झालं घास उतरंना त्येच्या नरड्याखाली. आन् साहेब, येवढ्या किमतीची चीज, किल्ली लटकवून ठिवता, तुमाला कोन बोलनार?"

फिटर खिडकीकडे तोंड करून हसायला लागला. साहेब म्हणाले, "बरं, बरं. किल्ली द्या इकडे."

"कुनाच्या हाती देऊ? जबाबदार मानूस दाखवा." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. साहेबांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मान हलवली. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली. "ह्येच्यापाशी ऱ्हाईल. आता ह्येला काढलाव तर कुलूप कोन काढनार, त्ये तुमी बघा."

दुपारी संचालक आले. मी अध्यक्षांचं नाव टाइप करून दाखवलं. ते खूष झाले, आपल्या गावाचंही करायला लावलं. थंड हवेमुळे तर कुणी हलायलाच तयार नव्हतं. एकाने विचारलं, "हे चालवतो कोण?" मी बोलायच्या आत दाराबाहेरून आवाज आला, "ह्यो माझा भाडेकरू." साहेबांनी नंतर माझा विषय काढलाच नाही. पावसाळ्यापर्यंत मी पक्का झालो.

आईला हे सगळं लिहिलं तेव्हा तिने उलट टपाली कळवलं, त्या माउलीला एकदा घेऊन ये, मला तिच्या पाया पडायचंय. मी मालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्या लाजल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "यीन की. पर घर कुनावर टाकू?" दर वर्षी मी विचारतो, दर वर्षी हेच उत्तर. लेकीच्या बाळंतपणालासुद्धा त्या सोलापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आल्या. नातवाचं तोंड पाहिलं, तेही घाईत. मालक गेले त्याला दोन वर्षं होतील. आता गुडघे दुखतात, कुलपाला लोंबकळायचं कमी झालंय, पण घर सोडून एक रात्र बाहेर काढायचं नाव नाही. परवा मीच त्यांना म्हटलं, तुमच्या उंबऱ्यावर मी अंथरूण टाकतो. तुम्हाला हवे तितके दिवस तिथून हलणार नाही. लेकीकडे राहा, नातवाला खेळवा, तिथून माझ्या आईकडे जा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बगू." त्यांच्या तोंडून 'न्हाय' आलं नाही, हेच माझ्यासाठी पुष्कळ. मी रजेचा अर्ज कधीही टाकायला तयार आहे. एक ना एक दिवस मी त्यांना गाडीत बसवून देणार, आणि त्या परत येईपर्यंत त्यांच्या दारात बसून राहणार.