कासवाच्या उंचीवरून

आंटी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या आणि चहा उकळायच्या आत हॉलच्या फरशीवर पालथ्या झोपल्या. अंगात ऑफिसचा कुर्ता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पर्स माझ्या हातात. गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून त्या माझ्या मुलीच्या काचेच्या टाकीकडे बघत होत्या. टाकीत तिचं कासव होतं.

"ये, झोप इथे," त्या मला म्हणाल्या. "उभं राहून कासव कळत नाही."

मी काही झोपले नाही. ईरा मात्र लगेच त्यांच्या शेजारी आडवी झाली.

"काय दिसतं?" आंटींनी तिला विचारलं.

"ग्लास," ईरा म्हणाली. "अँड हिज ओन फेस."

"बघ. दिवसभर बिचारा स्वतःच्याच तोंडावर डोकं आपटतोय. यल्ला, चल, ही काच काढायची."

खरं तर त्या चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं पार्सल न्यायला आल्या होत्या. आम्ही पुण्याहून रास अल खैमाला नुकतेच आलो होतो. एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून घरमालकाने ते भाड्याने दिले होते. वर आम्ही, खाली मागच्या अंगणासकट आंटी. त्या वसईच्या, ख्रिश्चन. सिरॅमिकच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होत्या. नवरा इथे आल्यावर काही वर्षांतच गेला. मुलगा कॅनडात. तुम्ही गल्फमध्ये राहिला असाल तर अशा बायका पाहिल्या असतील. सगळ्या कंपाउंडला त्यांची भीती वाटते आणि अडचणीत सगळं कंपाउंड त्यांच्याच दारात जातं.

ईराचं कासव म्हणजे बॉक्स टर्टल. घाबरलं की पोटाखालचं कवच बिजागरीसारखं मिटून डबीगत बंद होणारं. दुकानदाराने गोल दगड, थोडं पाणी आणि डब्यातलं सुकं खाणं देऊन आमची बोळवण केली होती. आंटींनी सांगितलं की हे पाण्यातलं जनावर नव्हेच. ओल्या रानातलं, पालापाचोळ्यातलं. आमच्या एसीने त्याचे डोळे सुजले होते आणि आम्ही समजत होतो, ते झोपाळू आहे.

पुढच्या शुक्रवारपासून आमच्या हॉलचा एक कोपरा गेला. लाकडी फळ्यांचा जाजमाएवढा पसरट खोका आला. आरपार काही दिसू नये म्हणून चारी बाजू बंद. तळाला वीतभर माती, तीत नारळाचा भुसा, वर शेवाळ आणि सुकी पानं. ही पानं आंटी रस्त्याकडेच्या बदामाच्या झाडांखालून स्वतः वेचून आणत. झाडणारे लोक थांबून बघत. आंटी त्यांनाच पिशवी धरायला लावत. एका टोकाला ऊन पडल्यासारखा दिवा, दुसऱ्या टोकाला सावली, साल असलेला पोकळ ओंडका. कासवाला बसता येईल अशी उथळ परात. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. एसीची झडप आंटींनी पुठ्ठा लावून दुसरीकडे वळवली.

"आंटी, आता आम्हाला उकडणार," माझा नवरा म्हणाला.

"तुला घाम येतो, फॅन लावता येतो. त्याला काय येतं?"

कासवाने एकदा सगळीकडे फेरी मारली, एका कोपऱ्यात माती उकरली आणि गडप झालं. दुसऱ्या दिवशीही बाहेर आलं नाही. ईरा रडकुंडीला आली. "आय कान्ट इव्हन सी हिम!"

आंटी खोक्याशी वाकून खूश झाल्या. "दिसायला आणलंय का? दिसायला हवं असेल तर भिंतीवर फोटो लाव."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे कितीजणांना ते ऐकवताना मी पाहिलं. कासव बाहेर आलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. ईराने धरलेली गोगलगाय त्याने अशी काही झडप घालून खाल्ली की ईरा किंचाळलीच.

खालचं अंगण मात्र आंटींचं खरं काम. तिथे त्यांनी आपल्या कासवांसाठी सिमेंटच्या ब्लॉकचं बुटकं कुंपण बांधलं होतं. कासवं उकरून पळतात म्हणून ब्लॉक खोल जमिनीत पुरलेले, चढून पळतात म्हणून वर आतल्या बाजूला फळी पुढे काढलेली, मांजरं आणि कावळे यांच्यासाठी जाळी. कारखान्यातून टवका उडालेला शॉवरचा पसरट ट्रे आणून त्यांनी जमिनीत पुरला, तो झाला तलाव. जास्वंद, लांब गवत, कुजकं लाकूड आणि त्यावर उगवलेल्या अळंब्या. थंडी सुरू झाली की कासवं अंगणात, ऊन तापायला लागलं की परत आत. आतल्या बेडरूममध्ये त्यांच्यासाठी खोके होते आणि आंटी हॉलमध्ये सोफ्यावर झोपत.

ही कासवं त्यांनी विकत आणलेली नव्हती. लोकांनी आणून टाकलेली होती. इथलं माणूस जातं तेव्हा कसं जातं, तुम्हाला माहीत आहे. सोफा विकतं, गाडी विकतं, झाडं शेजाऱ्यांना देतं आणि शेवटच्या आठवड्यात त्याला आठवतं की घरात एक जिवंत वस्तूही आहे.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून एक कुटुंब एकदा बुटांच्या खोक्यात कासव घेऊन आलं. गाडी सुरूच ठेवली होती. नवरा मराठीच, मुंबईचा.

"आंटी, आम्ही टोरांटोला शिफ्ट होतोय. परत आलो की घेऊन जाऊ, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणालास ना? मग कळलं."

तो हसला. त्याला वाटलं, विनोद झाला. गाडी वळली तेव्हा आंटी म्हणाल्या, "हे कासव आपल्या जागेचं असतं गं. रानात असतं तर जन्मभर त्याच टीचभर जागेत फिरलं असतं. उचलून दुसरीकडे ठेवलं की कितीतरी दिवस खात नाही, नुसतं चालतं. घर शोधतं." मग खोका उघडून त्यांनी त्या मिटलेल्या डबीला मातीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "खलास. आता चाल तू."

आणि मग आंटींवरच ती वेळ आली. कारखान्याने त्यांचा विभाग बंद केला. साठी जवळ आलेली, दुसरी नोकरी कोण देणार? नोकरी गेली की व्हिसा गेला. कासवं भारतात न्यायची तर दोन्हीकडचे इतके परवाने लागत होते की एका एजंटने त्यांच्या तोंडावर हात जोडले. मुलगा फोनवर म्हणाला, "ममा, दे आर जस्ट टर्टल्स. गिव्ह देम अवे."

त्यांनी कासवं सोडून गेलेल्यांना फोन लावले. एकीने नंबर ब्लॉक केला. टोरांटोवाल्याने हात जोडल्याचा इमोजी पाठवला. आमच्याकडे अंगण नव्हतं. हॉलच्या खोक्यात आणखी एखादं ठेवू का, असं मी विचारलं तर त्याच नको म्हणाल्या. "दोन नर एका डब्यात? फाडतील एकमेकांना."

त्या वेळी समुद्रावरचं एक रिसॉर्ट पुढे आलं. तिथला बागेचा मॅनेजर ठाण्याचा, गोड बोलणारा. लॉबीत एक मोठा कोपरा आणि बाहेर बागेचा तुकडा देतो म्हणाला. आंटी आपला शेवटचा हिवाळा तिथे राबल्या. माती त्यांनी स्वतः कालवली. दगड कुठे, सावली कुठे, दिवा किती उंचावर, सगळं पालथं झोपून ठरवलं. बाहेरच्या भिंतीचा पाया दोनदा उकरायला लावला. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. देण्याच्या दिवशी रिबन, फुगे, फोटो. आंटींनी कागदावर सही केली. परत येताना गाडीत त्या पहिल्यांदाच कुणाला नावं न ठेवता बसल्या होत्या.

"आता जाते मी," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं सामान बांधून होत आलं होतं, तेव्हा आमच्या ऑफिसचं जेवण त्याच रिसॉर्टमध्ये ठरलं. मी लॉबीत शिरले आणि थबकले. माती नव्हती. पालापाचोळा नव्हता. पांढरेशुभ्र खडे, प्लास्टिकचं गवत, समोर लखलखीत काच, वरून प्रखर दिवे. ओंडक्यांच्या जागी शिंपल्यांचा एक किल्ला. सगळी कासवं उघड्यावर. मुलं काचेवर बोटं वाजवत होती.

मी आंटींना सांगितलं. त्या घरातल्या चपलांवरच गाडीत बसल्या.

मॅनेजर हसतच आला. "आंटी, गेस्टना टर्टल दिसतच नव्हते हो. तक्रारी येत होत्या. आणि माती म्हटलं की किडे आले. हायजीन बघावं लागतं ना."

आंटी लॉबीच्या संगमरवरावर पालथ्या झोपल्या. पाहुणे बाजूला झाले, कुणीतरी मोबाईल वर केला, सिक्युरिटीवाला आला. एक कासव काचेलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतं, वळत होतं, परत चालत होतं. एक कोपऱ्यात मिटून पडलं होतं. आंटींनी काचेवरून त्याच्या पाठीपाशी बोट नेलं. ते उघडलं नाही.

"मला परत द्या," उठून त्या म्हणाल्या.

"आंटी, आता ते प्रॉपर्टीचे आहेत. तुमची सही आहे."

"सगळी नको. हे एक तरी."

"माझ्या हातात असतं तर..."

मग मी जे पाहिलं ते मला बघायचं नव्हतं. भल्याभल्यांना दारातून परत पाठवणाऱ्या आंटींनी त्या पोरसवदा मॅनेजरपुढे हात जोडले. मराठीत, हळू आवाजात, "बाबा, माती तरी टाक रे," म्हणाल्या. तो त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मी त्यांना घेऊन जावं, अशा नजरेने. "मॅडम, कॉफी घेणार का तुम्ही?" त्याने मला विचारलं.

उरलेले दिवस आंटी कासवांसाठी वेगवेगळ्या ऑफिसांत या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्या. सगळीकडे लोक नीट बोलले, खुर्ची दिली, पाणी दिलं. व्हिसा संपला. विमानतळावर सोडायला येऊ नका म्हणाल्या. टॅक्सीत बसताना त्यांनी ईराच्या डोक्यावर हात ठेवला आणि फवाऱ्याची बाटली रोज धूत जा, एवढं सांगितलं.

उन्हाळ्याच्या आधी मी परत त्या लॉबीत गेले. कोपऱ्यात आइस्क्रीमची गाडी उभी होती. मॅनेजर म्हणाला, "टर्टल ना? मेंटेनन्स फार होतं. वेंडरला देऊन टाकले." वेंडरचं नाव मात्र सांगेना. ईरा आणि मी शारजाच्या प्राण्यांच्या बाजारात दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने हात झटकून दाखवले. "खलास, मॅडम. सब गया."

आंटींचा फोन आला तेव्हा मी काही लपवलं नाही. पलीकडे कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"किती जिवंत होती, म्हणाला?"

"ते नाही सांगितलं त्याने."

"बरं." मग म्हणाल्या, "तुझ्या कासवाचे व्हिडिओ पाठवतेस ना, ते पाठवू नकोस यापुढे. तुझ्यावर राग नाही. पण नको."

"आंटी, ते चांगलं आहे हो. तुमच्यामुळेच..."

"नको म्हटलं ना गं."

मी व्हिडिओ पाठवणं बंद केलं. ईराला कारण सांगितलं नाही; तिनेही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती कासवाचं शूटिंग करत नाही. आंटी आता कॅनडात मुलाकडे असतात असं कंपाउंडमधल्या कुणीतरी सांगितलं. नाताळला त्यांचा मेसेज आला. चकाकणाऱ्या घंटा, तारे, इंग्रजीत शुभेच्छा. सगळ्यांना एकदम पाठवतात तसला. असले मेसेज पाठवणाऱ्यांना आंटी पूर्वी शिव्या घालत. मी बराच वेळ काहीतरी लिहीत आणि पुसत बसले. मग तसलाच एक शोधला आणि त्यांना पाठवून दिला.